ती नाव कधी घेते?

“आन् मग ती त्याचं नाव कधी घेती?” पावट्याच्या शेंगा सोलता सोलता आजीने विचारलं.

मी तिला ‘स्पाइस अँड वुल्फ’ या ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेची, गोष्ट सांगत होते. २०१४चा हिवाळा. माझी सीएची आर्टिकलशिप चालू होती आणि चार दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून मी कोरेगावला आजीकडे गेले होते. लॅपटॉपवर मी काय बघत बसते हे तिला जाणून घ्यायचं होतं. तर लॉरेन्स नावाचा एक फिरता व्यापारी असतो, घोडागाडी घेऊन गावोगाव माल विकत हिंडणारा. एका गावातून निघाल्यावर त्याच्या गाडीत गव्हाच्या पेंढीच्या आधाराने होलो येते. होलो म्हणजे त्या गावच्या पिकाची शेकडो वर्षं राखण करणारी, लांडग्याचं रूप असलेली देवता. दिसते तरुण मुलीसारखी. कान आणि शेपूट तेवढी लांडग्याची. गावाला आता तिची गरज उरलेली नाही. तिला उत्तरेकडे आपल्या घरी, योइत्सुला, जायचंय. मग दोघं एकाच गाडीवर शेजारी शेजारी बसून निघतात.

कान-शेपटीचं आजीला काहीच वाटलं नाही. शेताच्या बांधावर म्हसोबा असतो, तसंच काहीसं हे, असं तिने लगेच ताडलं. तिला पडलेला प्रश्न वेगळाच होता. वर्ष-वर्ष एका गाडीवर बसून जाणारी ही दोघं एकमेकांना हाक काय मारतात? तो तिला होलो म्हणतो, हे मी सांगितलं. ती त्याला काय म्हणते? मला आठवेना. इंग्रजी सबटायटल्समध्ये सगळीकडे ‘यू’ होतं. मी म्हटलं, “नाव नाही घेत बहुतेक.” त्यावर तो प्रश्न आला. नाव कधी घेते?

मला उत्तर देता आलं नाही. आणि या मालिकेवर मी त्याआधी दोनच आठवडे नऊशे शब्दांचा रिव्ह्यू लिहिला होता. इंग्रजीत. दहापैकी साडेआठ गुण देऊन.

आजीने आजोबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. रेशनकार्डाच्या कामाला गेलो की खिडकीपलीकडच्या माणसाने नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. उखाण्यात मात्र ती ते नाव असं घ्यायची की हळदीकुंकवाला आलेल्या बायका क्षणभर गप्प व्हायच्या. नाव न घेण्यात किती काय साठवता येतं, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे गोष्टीचं मर्म तिने थेट तिथेच शोधलं. माझ्या नऊशे शब्दांत ‘कॅरेक्टर डेव्हलपमेंट’ चार वेळा होतं, ‘केमिस्ट्री’ तीन वेळा होतं, आणि ती त्याला काय म्हणते हे एकदाही नव्हतं.

त्या रात्री मी लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या कडेला वर्तमानपत्राची एक पट्टी चिकटवली. सबटायटल्स झाकली गेली. मला तेव्हा जपानी येत नव्हतं, तरी पहिल्या भागापासून नुसतं ऐकत गेले. तासाभरात एक शब्द वर आला. नुशी. ती त्याला नुशी म्हणते. चिडवताना नुशी, सफरचंद मागताना नुशी, रुसल्यावर नुशी. ‘लॉरेन्स’ अगदी क्वचित. वहीच्या मागच्या पानावर मी नाव आलं की रेघ मारत गेले. रेघा फार झाल्या नाहीत, पण जिथे जिथे मारल्या तिथे तिथे मी मालिका थांबवून मागे नेली आणि पुन्हा ऐकलं. एवढं ऐकणं मी आधी कुठल्याच गोष्टीला दिलं नव्हतं.

माझा पहिला खरा रिव्ह्यू त्या रेघांमधून झाला. तो मराठीत होता, कारण तो आजीला वाचून दाखवायचा होता.

*

आधी मी इंग्रजीत का लिहायचे, याचं कारण सरळ आहे. जे वाचलं होतं ते सगळं इंग्रजीत होतं. ‘स्पाइस अँड वुल्फ’ मुळात लाइट नॉव्हेल आहे. लाइट नॉव्हेल म्हणजे जपानमध्ये खिशात मावेल अशा, पोस्टकार्डाएवढ्या आकारात निघणारी कादंबरी. सुरुवातीला रंगीत चित्रांची काही पानं, आत अधूनमधून काळी-पांढरी चित्रं, सोपी वाक्यं, भरपूर संवाद. जपानी लोक तिला ‘रानोबे’ म्हणतात. आपल्याकडे दिवाळी अंकातल्या कथेला शीर्षकाशेजारी चित्र असायचं आणि वाचक आधी चित्र बघून मग कथेत शिरायचा, त्या सवयीच्या माणसाला हा प्रकार परका वाटत नाही. हासेकुरा इसुना यांच्या ‘स्पाइस अँड वुल्फ’चं पहिलं पुस्तक २००६ मध्ये देन्गेकी बुन्को या मालेतून आलं, ॲनिमे २००८ मध्ये. इंग्रजी अनुवाद हातात पडायला मला आणखी बरीच वर्षं लागली. महिन्याच्या स्टायपेंडमधून एक पुस्तक, एवढीच ऐपत होती. त्यामुळे प्रत्येक पुस्तक तीन-तीनदा वाचून व्हायचं.

इंग्रजीत वाचायचं, इंग्रजीत विचार करायचा, इंग्रजीत लिहायचं, आणि शेवटी गुण द्यायचे. ॲनिमे बघणाऱ्यांत दहापैकी सात म्हणजे ‘ठीक’ असा एक अलिखित दर ठरून गेला आहे. सहा दिले की लोकांना वाटतं तुम्हाला आवडलं नाही. पाच म्हणजे अपमान. म्हणजे दहाची मोजपट्टी, पण वापरात वरचे चारच आकडे. दिवसभर ऑफिसात आकड्यांशीच माझं काम असतं. ताळेबंदातला आकडा कशाच्या तरी जागी उभा असतो. त्याच्यामागे व्हाउचर असतं, बिल असतं, गोदामातला माल असतो. माझ्या साडेआठमागे काय होतं? एक बरी वाटलेली संध्याकाळ. आजीच्या प्रश्नानंतर मी गुण देणं सोडलं ते आजतागायत.

मराठीत दोन शब्द आहेत, परीक्षण आणि रसग्रहण. मला दोन्ही हवे असतात. नुसत्या रसग्रहणात माणूस गोडगोड बोलत राहतो, नुसत्या परीक्षणात छडी हातात येते. माझ्या मनातला शब्द खरं तर ‘पारख’ आहे, आणि तो होलोनेच मला परत मिळवून दिला.

पहिल्या पुस्तकाचं कथानक सगळं एका चांदीच्या नाण्याभोवती फिरतं. नाव त्रेन्नी. एक तरुण व्यापारी लॉरेन्सला सांगतो की या नाण्यात लवकरच चांदीचं प्रमाण वाढणार आहे, आत्ता गोळा करून ठेवलीस तर नफा होईल. लॉरेन्सला शंका येते. प्रत्यक्षात उलटंच चाललेलं असतं. राजाचा खजिना अडचणीत आहे, आणि नाण्यातली चांदी कमी केली की तेवढ्याच चांदीत जास्त नाणी पडतात. लोकांच्या हे लक्षात येईपर्यंत राजाचं काम भागतं, लक्षात आलं की नाण्याची पत जाते. आता कुणी ती जुनी नाणी ढिगाने गोळा करून राजापुढे ठेवली, तर राजाला त्या चांदीची इतकी निकड असते की तो बदल्यात व्यापाराचे हक्क द्यायला तयार होईल. एका लांडग्याच्या शेपटीची गोष्ट म्हणून उघडलेल्या पुस्तकात हे सगळं इतकं नीट मांडलं आहे की मला आमचं अर्थशास्त्राचं पुस्तक आठवलं, आणि ते या पुस्तकाइतकं चांगलं नव्हतं.

त्यात एक प्रसंग आहे. होलो सराफाच्या टेबलापाशी नाणी कानाशी नेऊन वाजवते आणि आवाजावरून त्यांच्यातला फरक ओळखते. इंग्रजी रिव्ह्यूत मी त्यावर एक ओळ लिहिली होती. मराठीत लिहायला बसले आणि शब्द आपोआप येत गेले. नाणं वाजवून घेणं. खणखणीत नाणं. बद्द वाजणारं नाणं. आपल्या भाषेत ही गोष्ट आधीपासूनच होती! पेशवाईत आणि त्यानंतरही आपल्याकडे कितीतरी टांकसाळींचे रुपये एकाच वेळी बाजारात फिरत. झिजलेलं, हलकं, परमुलखातलं नाणं बदलून घेताना सराफ त्यावर बट्टा लावायचा. त्या बट्ट्यातूनच ‘नावाला बट्टा लागला’ आलं. नाणी पारखणारा तो पोतदार. ते आडनाव आपल्या वर्गात, आपल्या सोसायटीत आजही असतं. म्हणजे लॉरेन्सच्या काल्पनिक युरोपातल्या बाजाराचा हिशेब सातारच्या वाचकाला त्याच्याच तोंडातल्या शब्दांनी समजावता येत होता. मी त्या एका प्रसंगावर तीन पानं लिहिली. आजी म्हणाली, हे तर आमच्या वडलांनाबी कळलं असतं. ते गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते.

*

नुशीचा नीट अर्थ मला पुण्यात जपानीच्या वर्गात कळला. पुण्यात जपानी शिकणं ही काही नवलाई नाही, इथे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आमच्या वर्गात अर्धी मुलं नोकरीसाठी आली होती आणि अर्धी ॲनिमेमुळे, पण पहिल्या दिवशी सगळ्यांनी नोकरीचंच सांगितलं. पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की वाक्याची चाल आपलीच आहे. कर्ता, कर्म, क्रियापद. शब्दाच्या मागे लागणारे प्रत्यय. वाक्याच्या शेवटी त्यांचा ‘ने’, आपला ‘ना’. “आज थंडी आहे ना?” हे जपानीत म्हणताना मला काहीच उलटंपालटं करावं लागलं नाही. इंग्रजीतून जाताना मात्र प्रत्येक वाक्याची घडी मोडून पुन्हा घालावी लागायची.

मग ध्वनीचे शब्द. जपानीत त्यांचा मोठा साठा आहे आणि मोठी माणसंही ते गंभीरपणे वापरतात. दोकी दोकी म्हणजे धडधड. किरा किरा म्हणजे चमचम, लुकलुक. झा झा पाऊस म्हणजे धो धो. शितो शितो म्हणजे रिपरिप. इंग्रजी अनुवादात यांच्या जागी एखादं विशेषण येतं आणि आवाज निघून जातो. मराठीत तो परत बसतो. सगळीकडे बसतो असं नाही. शांततेचासुद्धा त्यांच्याकडे एक आवाज आहे, ‘शीऽऽन’. कुणी काही बोलत नाही, खोली रिकामी आहे, तेव्हा पानावर तो लिहिलेला असतो. त्याला मराठी काय? ‘चिडीचूप’मध्ये दटावणी आहे, ‘सामसूम’मध्ये रात्र आहे, ‘निःशब्द’ फारच पुस्तकी. सध्या मी ‘सुन्न’वर थांबले आहे, पण सुन्न माणसाचं मन होतं, खोली होत नाही.

तर नुशी. होलोची बोली जुन्या एदो, म्हणजे आजच्या टोकियो, शहरातल्या योशिवारा भागातल्या गणिकांच्या बोलीवर बेतलेली आहे. ती स्वतःला ‘वाची’ म्हणते (‘च’वर जरा जोर), वाक्याच्या शेवटी जुनी क्रियापदं लावते आणि समोरच्याला नुशी म्हणते. या शब्दाचा मूळ अर्थ मालक, धनी. वापरात तो फक्त ‘तू’ उरला आहे, पण मागे तो जुना अर्थ उभा असतो.

पुढच्या खेपेला मी हे आजीला सांगितलं. मी लावणीतला ‘राया’ वापरून पाहिला होता, तो तिने ताबडतोब मोडीत काढला. “देवता हाय ना ती? मग?” मी म्हटलं, ‘धनी’? अर्थ तंतोतंत जुळत होता. आजी म्हणाली, धनी म्हटलं की बाई खाली बघून बोलती. तुझी ती तर त्याला खेळवती. मग थोडं थांबून म्हणाली, “कारभारी म्हन की.”

कारभारी! आमच्या भागातल्या बायका नवऱ्याला म्हणतात तो शब्द. त्यात मान आहे आणि तो मान देता देता केलेली चेष्टाही आहे. शिवाय लॉरेन्स खरोखरच कारभार करणारा माणूस, खरेदी-विक्री, हुंड्या, हिशेब. “कारभारी, तुमची पिशवी हलकी झालेली दिसतेय.” होलो असं म्हणू शकते, मला तिचा आवाज ऐकू येतो. त्या शब्दासाठी मी चार वर्षांच्या जपानीच्या वर्गांहून जास्त आजीची ऋणी आहे, आणि माझ्या शिक्षिकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनीही मान हलवली.

अशा कुठल्याही नात्याच्या गोष्टीत हाकेकडे बघायची मला तेव्हापासून सवय लागली. जपानी शाळेच्या गोष्टींत मुलगा मुलीला आडनावाने आणि पुढे आदराचा ‘सान’ लावून बोलावत असतो. मग एके दिवशी नुसतं पहिलं नाव येतं. इंग्रजीत तिथे काहीच घडलेलं दिसत नाही. आपल्या वाचकाला मात्र एवढंच लिहिलं की पुरतं: या भागात तो पहिल्यांदा अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येतो. आपल्याला लगेच कळतं की दार उघडलं आहे. आपल्याकडेही लग्न ठरल्यावर ‘तुम्ही’चं ‘तू’ नेमकं कुठल्या फोनवर झालं हे माणसं आयुष्यभर लक्षात ठेवतात.

*

मराठी दर वेळी वाट मोकळी करून देते असं नाही. एकदा तिने मला पुरतं अडवलं.

शिगुसावा केइइची यांची ‘किनो नो ताबी’, म्हणजे किनोचा प्रवास, ही मालिका २००० साली सुरू झाली. किनो आणि हर्मीस नावाची बोलणारी मोटरसायकल देशोदेशी हिंडतात. प्रत्येक देशात मुक्काम तीन दिवस आणि दोन रात्री. प्रत्येक देशाची एक विचित्र रीत, आणि ती रीत बघून पुढे निघून जाणं. निवाडा नाही. एकेक गोष्ट एका बसप्रवासात संपते, पण तिच्यातून बाहेर पडायला दिवस जातो. २००३चं ॲनिमे नाकामुरा र्युतारो यांनी इतकं संथ, इतकं कोरडं केलं आहे की मला ते पुस्तकाहूनही जास्त आवडतं.

अडचण ही की किनो मुलगा की मुलगी, हे गोष्ट बराच वेळ सांगत नाही. जपानीत क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे लेखकाला ते सहज लपवता येतं. इंग्रजीतही ‘ही’-‘शी’ टाळलं की निभावतं. मराठीत? किनो आला की किनो आली? निघाला की निघाली? पहिल्याच वाक्यात गोष्ट फुटते. आपलं क्रियापद मुळी लिंग सांगितल्याशिवाय तोंडच उघडत नाही.

पहिला मसुदा मी फेकून दिला. दुसऱ्यात ‘आले, निघाले’ असं आदरार्थी करून पाहिलं, तर तरुण प्रवाशाचा कीर्तनकार झाला. मग एका रात्री लक्षात आलं की वाट व्याकरणातच आहे. ‘किनोने दार उघडलं.’ दार नपुंसकलिंगी, क्रियापद दाराप्रमाणे चालतं, किनो सुटते— बघा, लिहिता लिहिता जीभ घसरायची ती अशी, आणि हे घसरणंही खरं मानू नका. दुसऱ्या मसुद्यात ती उलट्या बाजूला घसरली होती. ‘किनोला भूक लागली.’ भूक स्त्रीलिंगी, किनो मोकळं. ‘किनोने ऐकून घेतलं.’ ‘किनोच्या लक्षात आलं.’ ‘किनोला त्या देशात राहावंसं वाटलं नाही.’ अख्खा रिव्ह्यू मी ‘ने’ आणि ‘ला’ यांच्या आधाराने लिहिला. अकर्मक भूतकाळ आला की वाक्य वळवायचं. ‘किनो निघून’ पाशी आलं की मोटरसायकलच निघून जायची. सहा दिवस लागले, आणि त्या सहा दिवसांत एक गोष्ट मला कळली जी नुसतं वाचताना कळली नव्हती. किनोच्या गोष्टीत किनोच्या हातून फारसं काही घडतच नाही. किनोला दिसतं, किनोला सांगितलं जातं, किनोला कळतं. व्याकरणाने मला ज्या कोपऱ्यात ढकललं, लेखक आधीपासून तिथेच बसला होता.

*

माझ्या वहीतली सगळी पानं अशी आनंदाची नाहीत. काही रिव्ह्यू मी चुकीचे लिहिले आणि ते तसेच ठेवले आहेत, पुढे दुरुस्ती जोडून.

‘सुझुमिया हारुही’ ही तानिगावा नागारु यांची मालिका. तिच्या पाचव्या पुस्तकात ‘एंडलेस एट’ नावाची एक छोटी गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा घडत राहतात, आणि नागातो युकी या एकाच मुलीला ते सगळे आठवतात. कागदावर ही गोष्ट एका बैठकीत वाचून होते. क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने २००९ मध्ये ती सलग आठ आठवडे दाखवली. तीच पोहण्याची सहल, तोच उत्सव, तेच किडे पकडणं. आणि एकही भाग नुसता पुन्हा लावलेला नाही. दर वेळी चित्रं नव्याने काढली, कपडे बदलले, कलाकारांनी संवाद नव्याने म्हटले. प्रेक्षक चिडले. मीही दोन दिवसांत आठही भाग उरकून ‘हा प्रेक्षकांचा छळ आहे’ असं लिहून मोकळी झाले.

दोन वर्षांनी मी ते पुन्हा पाहिलं, दर शुक्रवारी एकच भाग, जपानच्या प्रेक्षकाला मिळाला तसा. मधल्या सहा दिवसांत ऑफिस, दोन बस बदलणं, महिनाअखेरचं काम. पाचव्या शुक्रवारी मी कथेकडे बघणं सोडून नागातोच्या चेहऱ्याकडे बघू लागले. शेवटच्या भागात कळतं की ही १५,५३२वी खेप आहे. तो आकडा उरकून बघताना मला गंमत वाटली होती. आठ आठवड्यांनी बघताना पोटात गोळा आला. तरीही मी असं म्हणणार नाही की चिडलेले लोक चुकीचे होते. त्यांचे दोन महिने गेले होते. मी एवढंच लिहिलं की ही गोष्ट किती दिवसांत बघितली हे सांगितल्याशिवाय तिच्यावर कुणी मत देऊ नये.

त्या मालिकेतले चेहरे इकेदा शोको यांनी घडवले. १८ जुलै २०१९ला क्योटो ॲनिमेशनच्या स्टुडिओत लावलेल्या आगीत ३६ माणसं गेली, त्यात त्या होत्या. त्याआधी मी शेवटची श्रेयनामावली कधी पूर्ण वाचत नसे. गाणं सुरू झालं की पुढच्या भागावर जायचं. त्या जुलैनंतर मी चित्रलिपीतले दोन-तीन शब्द मुद्दाम आधी शिकून घेतले: ‘गेन्गा’, म्हणजे हालचालीची मुख्य चित्रं काढणारे, ‘दोगा’, म्हणजे त्या चित्रांमधली चित्रं भरणारे, ‘साकुगा कान्तोकु’, म्हणजे ती सगळी तपासून एकसारखी करणारे. आता प्रत्येक रिव्ह्यूच्या शेवटी, ज्या दृश्यावर मी लिहिलं आहे त्या भागातल्या काही चित्रकारांची नावं लिहिते. मूठभर सेकंदांसाठी कुणीतरी किती कागद घासले असतील. मी त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्या आणि नावही घ्यायचं नाही, हे मला पटत नाही.

म्हणून वाईट कामाला बरं म्हणायचं, असं मात्र मी करत नाही. बारा भागांत चार-चार पुस्तकं कोंबली की पात्रं नुसती माहिती सांगत धावतात, आणि ते तसं लिहायलाच हवं. दुसऱ्या जगात जाऊन पडलेल्या नायकांच्या कित्येक गोष्टींत नायक गुलाम मुलगी विकत घेतो आणि ती त्याच्यावर कृतज्ञतेने प्रेम करू लागते. अशा पुस्तकांवर मी स्पष्ट लिहिते की मला हे सहन होत नाही. लेखक नवखा आहे, गोष्ट हलकीफुलकी आहे, ही कारणं तिथे मला पुरत नाहीत. एवढं लिहून झालं की मग चित्रकाराचं नाव लिहिते.

त्याच दुसऱ्या जगाच्या गोष्टींत काझुकी मिया यांची ‘अॅसेंडन्स ऑफ अ बुकवर्म’ही आहे. आधी ती लेखिकेने इंटरनेटवर लिहिली, २०१५ पासून पुस्तकरूपात आली. पुस्तकवेडी मुलगी भूकंपात पुस्तकांखाली सापडून मरते आणि एका गरीब शिपायाच्या घरात माइन नावाची पाच वर्षांची आजारी मुलगी म्हणून जागी होते. तिथे पुस्तकं फक्त उमरावांना परवडतात. मग ती ठरवते की आपणच पुस्तक करायचं, म्हणजे आधी कागद करायचा. गवताच्या धाग्यांचं विणकाम फसतं. मातीच्या पाट्या भट्टीत फुटतात. लाकडाच्या पातळ पट्ट्या करून त्यावर ती लिहिते, तर आई त्या चुलीत घालते.

त्या आईवर मी फार कडक लिहिलं होतं. आजीला वाचून दाखवलं तेव्हा तिने सोलणं थांबवलं. या वेळी मटार होते. म्हणाली, “तिला काय म्हाईत, ते पुस्तक हाय? घरात लाकूड आलं म्हंजी सरपान.” आणि मग, बऱ्याच वेळाने, “माझी पाटी बी अशीच गेली. फुटली तर पुन्हा कुनी आनली न्हाई. कुनाचा राग न्हवता माझ्यावर.”

आजी दुसरीपर्यंत शिकली हे मला माहीत होतं. का थांबली हे मी कधी विचारलं नव्हतं. तो रिव्ह्यू मी पुन्हा लिहिला. पुस्तक उघडून बघितलं तर लेखिकेनेही त्या आईला कुठे दुष्ट केलेलं नाही. ती मुलीला जपते, तिच्या तापात रात्रभर बसते, आणि तिला लिहिता-वाचता येत नाही. हे सगळं पानावर होतं. मला दिसलं नव्हतं.

*

२०२४ मध्ये ‘स्पाइस अँड वुल्फ’ नव्याने आलं. पहिल्यापासून, तेच पुस्तक, तेच दोन आवाज: फुकुयामा जुन आणि कोशिमिझु आमी. सोळा वर्षांनी. त्या आवाजांना वय आलं आहे आणि ते चांगलं आलं आहे. होलोचं हसणं आता थोडं उशिरा येतं. आजीला आता कमी दिसतं. मी पडद्यावरचं सांगत जाते आणि ती ऐकते. नुशी आलं की तिला कळतं. एकदा ‘लॉरेन्स’ ऐकू आलं तेव्हा मी काही बोलायच्या आधीच तिने माझ्या हातावर हात ठेवला.

या नव्या मालिकेवर मी लिहायला घेतलंय. ‘कारभारी’ आहेच. ‘वाची’ अजून अडलेलं आहे. मराठीला ‘मी’ एकच. ‘आम्ही’ केलं तर होलो सिंहासनावर जाऊन बसते, आणि ती तर गाडीवर, त्याच्या शेजारी, पांघरूण ओढून बसलेली आहे. आजीची आई ‘म्यां’ म्हणायची. म्यां पाहिलं, म्यां केलं, म्यां राखलं. गव्हाचं शेत शेकडो वर्षं राखणाऱ्या बाईला तो शब्द शोभतो, मी आनंदाने तीन वाक्यं लिहिलीही. पण ‘म्यां’ फक्त केलेल्या कामाला चालतो. होलोचं सगळ्यात मोठं वाक्य तिने केलेल्या कामाचं नाही. तिला घरी जायचंय. ‘मज घरी जायचंय’ लिहिलं, खोडलं. ‘माझ्या जिवाला’ लिहिलं, तेही खोडलं. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, तिला पुन्हा एकदा बोलू दे, ऐकते.

रविवारी मी कोरेगावला जातेय. त्या वाक्याची जागा वहीत कोरी सोडली आहे.